केकची घडणावळ

"माय वं! चिंतामणीचा केक? अन् मंग त्याले सुरी कोण लावन?"

काकूंनी हातातली तुरीच्या शेंगांची टोपली भिंतीवर ठेवली. टोपली भिंतीवर आली की समजून जायचं, आता गॅसवरचं दूध दैवाच्या हवाली. यवतमाळात दारव्हा रोडकडे आमची कॉलनी, घराघरांमधली भिंत छातीएवढी. अलीकडे माझी कपड्यांची तार, पलीकडे काकूंची जास्वंद. गुडघे धरल्यामुळे काकूंचा शाळेचा आनंद मेळावा हुकला होता. पाहायला मिळालं नाही ते सगळं आता त्यांना ऐकायचं होतं.

"सुरीवरूनच तर पालकसभेत भांडण लागलं," मी म्हणाले. "ग्रंथालयाच्या कपाटांसाठी पैसे जमवायचे होते. दरवर्षी पोरं आलुबोंडे, मुंगोडे, मठ्ठा घेऊन बसतात. यंदा म्हणे, आयांनी घरी केलेले केक ठेवायचे, आणि विषय दिला 'आपला जिल्हा'. लगेच एकीनं हात वर केला, मी कळंबचा चिंतामणी करते."

"अन् कोणी काही बोललं नाही?"

"गणिताच्या सरांच्या बायकोनं विचारलं, ताई, सोंडेचा तुकडा वीस रुपयांना विकायचा का? सभा चिडीचूप. मग निघालं, देव नको, नुसतं देऊळ करा. त्यावर दुसरी म्हणाली, कळंबचं देऊळ जमिनीच्या खाली. भक्त पायऱ्या उतरून जातात. केक तर थरावर थर चढवत वर जातो. खाली उतरणारा केक कसा करायचा?"

"मंग काय केलं?"

"मोदकाच्या आकाराचे कपकेक. देवाचाही मान राहिला, सुरीचाही प्रश्न मिटला."

"हे बरं केलं," काकूंनी शेंग सोलली. "आपल्या पोट्ट्यांले थीम कोणी शिकवाची गरज नाही, बाई. नवरात्रात गावभर देवीचे देखावे पाहून पाहून डोळे तयार असतात त्यांचे. पण देखावा पाह्याचा असते, खायाचा नसते. पुढं सांग. वाघ होता म्हणे?"

"दोन होते."

"दोन? मले तं बँकेतल्या मॅडमचाच माहीत."

"मॅडमचा आधी सांगते. त्यांनी उभा वाघ केला. स्पंजचे थर, मध्ये क्रीम, वरून फॉन्डंटचं कातडं. आत आधाराला काही नाही. नुसत्या स्पंजवर मान कशी उभी राहणार? केक मांडीवर घेऊन ऑटोत बसल्या. पहिल्या गतिरोधकाला मान कलली, दुसऱ्याला वाघ बसला, आणि शाळेच्या फाटकात उतरेपर्यंत आडवा झाला."

"अन् तो टिपेश्वरच्या जंगलातला खराखुरा वाघ कुठलोक गेलता वं चालत?"

"ज्ञानगंगा अभयारण्यात, बुलढाणा जिल्ह्यात. 2019 ची गोष्ट. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं, तेराशे किलोमीटर चालला होता."

"अन् हा दोन गतिरोधकात गार!"

"पण मॅडम हुशार. पुढ्यात पाटी लावली, 'दुपारची विश्रांती घेणारा वाघ'. पोरांना तोच आवडला. आणि पट्टे बाकी झकास होते, काकू. काळा रंग त्यांनी वापरलाच नाही. काळा दिसायला रंग फार ओतावा लागतो, मग केक कडवट लागतो आणि खाणाऱ्याची जीभ दिवसभर काळी. त्यांनी डार्क कंपाऊंड वितळवलं, म्हणजे ती विटेसारखी चॉकलेटची लादी मिळते ना, ती. गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवली, आणि बटर पेपरच्या कोनातून पट्टे ओढले. मेंदी काढणारा हात आहे त्यांचा, रेघ कुठं तुटली नाही."

"अन् दुसरा वाघ?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "कोपऱ्यावरच्या बंगल्यातून आला."

"ठेकेदारीणबाई?"

"मी नाव घेतलं नाही."

"म्या बी नाही घेतलं."

"अगदी फोटोतल्यासारखा वाघ. फोटोच होता तो. खाता येणारा पातळ कागद मिळतो, त्यावर छापून केकवर चिकटवतात. त्यालाही माझी हरकत नाही. पण कडेनं क्रीमचे शिंपले पाहिलेत तर सगळे एका मापाचे, एकही डावा-उजवा नाही. घरात पायपिंग करणाऱ्या बाईचा पहिला शिंपला फुगलेला आणि शेवटचा थकलेला असतो."

"म्हणजे दुकानातला?"

"घरीच केला, रात्री दोन वाजेपर्यंत जागले, असं म्हणत होत्या. पण खालच्या सोनेरी पुठ्ठ्याला मागं स्टिकर होतं. अर्धं खरवडलेलं."

"पुठ्ठ्याची मागची बाजू तुले कशी दिसली?"

"टेबलावर उचलून ठेवायला मदत केली ना मी."

"हाव, मदत कराले पाह्यजेच माणसानं," काकू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "अन् शकुंतला? ते तं सांग. माही गाडी हाये ते."

काकूंचं माहेर मूर्तिजापूर. लग्न होऊन त्या याच नॅरोगेज गाडीनं यवतमाळला आल्या. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला नेऊन मोठ्या गाडीवर घालायचा आणि पुढे मुंबईमार्गे विलायतेला धाडायचा, यासाठी इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीनं ही लाइन टाकली. 1994 पर्यंत तिला वाफेचंच इंजिन होतं, तेही मँचेस्टरला बनवलेलं. पुढं डिझेल आलं, आणि आता कैक वर्षांपासून रुळांवर गवत आहे. काकू मात्र अजूनही 'गाडी बंद पडली' असं म्हणत नाहीत, 'गाडी राह्यली' म्हणतात, कोणी पाहुणा राहावा तशी.

"शकुंतला गणिताच्या सरांच्या बायकोनं केली. इंजिन म्हणजे आडवा ठेवलेला स्विस रोल. पातळ स्पंज गरम असतानाच कपड्यासकट गुंडाळायचा, गार झाल्यावर उलगडून जॅम लावून परत गुंडाळायचा, म्हणजे तडकत नाही. डबे चौकोनी, चाकं क्रीमच्या बिस्किटांची, रुळांखालचे स्लीपर पार्ले-जीचे, आणि धुराड्यातून लाह्यांचा धूर."

"लाह्यांचा! वा!"

"त्यांची बहीण मेलबर्नला असते. तिच्याकडून कल्पना आली. तिकडे 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' या मासिकानं 1980 मध्ये मुलांच्या वाढदिवसाच्या केकांचं एक पुस्तक काढलं होतं. मुखपृष्ठावर आगगाडीच आहे. घरोघरी पोरं ते पुस्तक उलटवून बोट ठेवायची, यंदा मला हा पाहिजे. त्यातल्या बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची, आणि पोहायच्या तलावातलं पाणी जेलीचं."

"म्हणजे तिकडच्या बाया बी आपल्यासारख्याच. किराण्याच्या डब्यातून भागवणाऱ्या."

"घरचा थीम केक तोच, काकू. साचे नाहीत, यंत्रं नाहीत, डब्यात काय आहे ते पाहून ठरवायचं. पण सरांच्या बायकोची एक हौस नडली. मालडब्यांत कापूस दाखवायला तिनं बुढ्ढी के बाल भरले, पांढरेशुभ्र. रंगीत मुद्दामच घेतले नाहीत. त्या गुलाबी रंगात रोडामाइन हे घातक रसायन सापडलं म्हणून तमिळनाडूनं 2024 मध्ये ते विकायला बंदीच घातली, हे तिनं वाचलं होतं. पण ती नुसती साखर. क्रीमचा ओलावा लागला आणि उद्घाटनाची भाषणं संपेपर्यंत कापूस गायब. डब्यात नुसता चिकट पाक."

"अवकाळीनं भिजला म्हण. शेतकऱ्यासाठी त्यात नवीन काय हाये?" काकूंनी टोपलीतला एक किडका दाणा फेकला. "अन् डॉक्टरीणबाईनं धबधबा केलता ना?"

"सहस्रकुंड. खडकांना चॉकलेट स्पंजचे ओबडधोबड तुकडे, आणि वरून निळी जेली सोडलेली. जेलीत जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडाकातड्यापासून काढतात. शाळेत निम्मे जण शाकाहारी. म्हणून त्यांनी चायना ग्रास घेतलं. ते समुद्री शेवाळाचं, आणि एकदा घट्ट झालं की फ्रीजबाहेरही पाघळत नाही. दिवसभर धबधबा जसाच्या तसा."

"निळा?"

"निळा."

"पैनगंगेले पूर येते तव्हा पाणी गढूळ राह्यते, चहावाणी. निळं कुठून आलं? त्यांनी गाडीतून उतरून पाह्यलंच नसन."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी क्लिपा लावत राहिले.

"अन् सगळ्यात पह्यले कोणता संपला?"

"बोंड."

"कायचं बोंड?"

"कापसाचं. ती बाभुळगावकडची आई नाही का, पोराच्या शाळेसाठी गावात खोली करून राहते, नवरा शेतीवर. तिच्याकडे ओव्हन नाही, बीटर नाही. तिनं केक कुकरात केला. तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकणाची शिट्टी आणि रबर दोन्ही काढलेली, गॅस बारीक. मधूनच झाकण उघडायचं नाही, नाहीतर फुगलेला केक खाली बसतो. स्वेटर विणायची सुई खुपसून पाहायची, कोरडी निघाली की झाला. मिल्कमेडचा, बिनअंड्याचा. क्रीम फेटायला खाली बर्फाचं पातेलं आणि हातात आपली रवी. ते क्रीम थंडच लागतं, थोडं जरी कोमट झालं तरी टोक उभं राहत नाही. आणि जास्त फेटलं तर रवाळ होतं. पायपिंगची पिशवी म्हणून दुधाची धुतलेली पिशवी, कोपरा कापलेला."

"नोझल नाही?"

"नाही. म्हणून तर ते कापसासारखं दिसलं! नोझलनं फूल उमटतं. तिनं पिशवीतून क्रीम सोडून चमच्यानं वर ओढलं, जसा बोंडातून कापूस ओढतात तसा. आणि बोंडाची वाळकी टरफलं कशी केली सांगा? विड्याची पानं धुऊन-पुसून मागच्या बाजूला पातळ कंपाऊंड लावलं, फ्रीजमध्ये घट्ट केलं, मग पान सोलून काढलं. पानाच्या शिरा न् शिरा चॉकलेटवर उठलेल्या. टोकदार, थोडी वळलेली. खरं बोंड वाटावं."

"किती कप्पे केले?"

"पाच."

"बरोबर. चार नाहीतर पाच. सहा केले असते तं म्या तिले शहरातली म्हटलं असतं." काकूंच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पुरते गुण दिसले. "अन् सीतादही?"

"पोरगा तेच म्हणाला. वेचणीच्या आधी शेतात दहीभाताची पूजा करतो, मग केक कापायच्या आधी का नाही? आईनं वाटीत दही आणलं होतं, बोटभर लावलं बोर्डाला. आणि मग त्या पोरानं खिशातून टूटीफ्रूटीचा एक गुलाबी तुकडा काढला आणि कापसात खोचला. बाई म्हणाल्या, हे काय रे? तर म्हणतो, बोंडअळी राहिली होती."

काकू हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातला कापूस आतून पोखरला, तेव्हा काकूंच्या दिराचं निम्मं शेत हातचं गेलं होतं. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन इथलीच माणसं दगावली. त्या वर्षी कॉलनीत दिवाळीला कुणी फटाके फारसे उडवले नाहीत.

"तुकडा कोणी खाल्ला तो?"

"मुख्याध्यापकांनी. म्हणाले, अळी मीच मारतो."

"शाबास." आणि त्यांनी पुढची शेंग उचलली. "सगळं गोड गोड झालं म्हण."

"गोडावरूनही झालंच. विज्ञानाच्या सरांनी नियम काढला. अन्नसुरक्षावाल्यांचा 2020 चा नियम आहे, जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत विकायचे नाहीत, आणि फाटकापासून 50 मीटरच्या आतही नाही. त्यात सीबीएसईनं 2025 मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कोणत्या शीतपेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. सर म्हणाले, बाहेरच्या गोळेवाल्याला आपण पिटाळतो आणि आत शकुंतला एक्स्प्रेस भरून साखर आणतो."

"खरं हाये त्याचं. मंग?"

"मग तुकडे अर्ध्या मापाचे केले आणि मठ्ठ्याचा स्टॉल शेजारी ठेवला. सरांनी स्वतः वाघाचा कान खाल्ला. वर्षातून एकदा चालतं म्हणाले."

एवढ्यात फाटक वाजलं. गटवाल्या मावशी आल्या होत्या, डोक्यावर डबा. त्यांच्या गावच्या बचत गटाचे पापड, सरगुंडे आणि तिखट काकूंकडे ठरलेले. मावशींनी डबा भिंतीवर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि विषयाचं शेपूट बरोबर पकडलं.

"किती जमले मंग शाळेले?"

मी बोंडाचाच हिशेब सांगितला, कारण तो मला पाठ होता. चोवीस तुकडे, वीस रुपयांप्रमाणे चारशे ऐंशी. शाळेच्या वहीत तेवढीच जमा.

"अन् सामान?"

"मिल्कमेड, क्रीम, लोणी, कंपाऊंड, मैदा, पिठीसाखर... साडेचारशेच्या घरात."

"ते कोण्या वहीत?"

"ते घरचं."

मावशींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे त्या बाईनं साडेचारशेचं सामान घातलं, लोकांनी चारशे ऐंशीला खाल्लं, अन् शाळेच्या वहीत लिहिलं केकविक्री. बाईचं नाव कुठं?"

"नाव नाही. पाटीवर होतं, पाटी पुसली." मी जरा सावरून घेतलं. "पण मावशी, हेही खरं, त्या आईकडे नुसते पैसे मागितले असते तर पन्नासची नोट निघाली असती. घेणाऱ्यांनीही कपाटासाठी म्हणून वीस रुपये काढले नसते. केक होता म्हणून दोन्हीकडून हात सैल झाले."

"झाले ना, मी नाही कोठं म्हणते? पण मजुरी?"

"मजुरी कसली? हौस ती."

"हौस!" मावशींनी डब्याचं झाकण उघडून पापडाची चळत बाहेर काढली. "आमच्या गटात पापडाचा भाव लावतो ना, तव्हा उडदाची डाळ धरतो, तेल धरतो, पापडखार धरतो, अन् लाटणाऱ्या बाईची मजुरी धरतो. मजुरी धरली नाही तं गट चालन का? पह्यल्या वर्षी आम्ही बी नाही धरली. पापड लय खपले, अन् हातात काही उरलं नाही. मंग ताई आल्या तालुक्यातून, म्हणाल्या, आधी तुमची मजुरी लिहा, मंग भाव ठरवा."

"लिज्जतवाल्यांचंही तसंच," मी म्हणाले. "1959 मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं. आजही बाई पीठ घरी नेते, पापड लाटून आणते, आणि किलोवर लाटायचे पैसे घेते. हौस म्हणून कोणी लाटत नाही."

"अन् लाटल्यावर कोणी म्हणत नाही, किती हौशी वं तू," मावशी म्हणाल्या.

काकू एकदम टोपली बाजूला सारून उभ्या राहिल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "सोनाराकडं जातो तं सोन्याचा भाव वेगळा अन् घडणावळ वेगळी. कोणी म्हणते का त्याले, भाऊ, हौस म्हणून घडवून दे? गिरणीवाल्याले पैसे देतो, शिवणाऱ्याले देतो. रात्रभर बाई क्रीम फेटते तं म्हणे हौस! कराले पाह्यजे, करूच. पण वहीत तं येऊ द्या."

"काकू, शाळा मजुरी कशी देणार? शाळेकडे पैसे असते तर केक कशाला केले असते?"

"देऊ नका म्हणते ना मी. लिहा." त्यांनी भिंतीवर बोट आपटलं. "जमेच्या बाजूले तीन ओळी. एक, विक्री. दोन, सामान, आईचं नाव टाकून. तीन, मजुरी, तेही आईचं नाव टाकून. पैसे दिले नाही तं देणगी म्हणून लिहा. मंग पाहा किती जमले. चारशे ऐंशीचं कपाट हजाराच्या वर जाईन."

मला मनातल्या मनात बेरीज करावी लागली आणि ती खरी निघाली. नुसती बोंडाचीच नव्हे. मोदकवालीनं आदल्या रात्री साचे तूप लावून उलथे घातले होते; बँकेतल्या मॅडमनी रजा टाकली होती; सरांच्या बायकोनं तुटलेले दोन स्विस रोल घरच्यांना जेवणाऐवजी वाढले होते. यातलं काहीच ग्रंथालयाच्या भिंतीवर लागणाऱ्या पाटीत येणार नव्हतं. पाटीवर येणार होतं, 'पालकांच्या सहकार्याने'. आणि पालकसभेत प्रास्ताविक करणारे, पाटी ठरवणारे, निधी मोजणारे सगळे वडील होते, हे मला भिंतीशी उभं असतानाच लक्षात आलं.

"सांगते मी मुख्याध्यापकांना," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या फॉर्मवरच रकाने छापून घेऊ."

"पुढच्या वर्षी कायले? यंदाची वही अजून बंद नाही झाली ना?"

"नाही. शनिवारी हिशेब वाचणार आहेत."

"मंग शनिवारी मले घेऊन जा. ऑटो सांग. गुडघ्याचं मी पाहून घेईन." काकूंनी सोललेले दाणे मुठीत घेऊन माझ्या हातावर ठेवले, अर्धे मावशींच्या. मग आवाज खाली आणून, कोपऱ्यावरच्या बंगल्याकडे भुवई उडवून म्हणाल्या, "अन् आयक. सगळ्यांच्या मजुरीचा रकाना भरजो, पण त्या एकीचा कोरा ठेवजो. तिच्या वाघाची मजुरी दुकानदारानं रोख घेतली असन."